ग्यानोबाच्या ओठावरचं कडं

"तोंड वर कर. अजून वर. उजेडाकडं वळ जरा," असं म्हणत लक्ष्मीबाईने आपल्या थोराड मुलाची हनुवटी धरली आणि त्याचा ओठ इतक्या बारकाईने पाहायला सुरुवात केली, की ओसरीवर बसलेल्या रामकिशनमामांच्या हातातला तांब्या हातातच राहिला. मामा नुकतेच हदगावकडून आले होते. त्यांनी आणलेली बातमी अशी गोड होती, की बहीण आधी हातावर गुळाचा खडा ठेवील आणि मग पुढचं विचारील, असं त्यांना वाटलं होतं. बहिणीने बातमी ऐकली, पदर खोचला आणि ती थेट पोराच्या तोंडाला भिडली.

बातमी अशी, की हदगावच्या अलीकडच्या एका गावचे माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे पाटील, बापूसाहेब यांच्या धाकट्या लेकीसाठी, सिंधुसाठी, ग्यानोबाची विचारणा झाली होती. विचारणा त्यांच्याकडूनच झाली होती. अमावस्या सरली की बापूसाहेब चार माणसं घेऊन येणार होते, आणि सगळं मनासारखं दिसलं तर तिथल्या तिथे सुपारी फोडणार होते.

"आपलं घर त्यांना कसं ठावं झालं, मामा?" ग्यानोबाने विचारलं. हनुवटी आईच्या हातात असल्यामुळे तो आढ्याकडे पाहून बोलत होता.

"ते इचारलं न्हाई बा मी. मोठ्या माणसाला लई खोदून इचारू न्हाई. हाव म्हनलं आन् निघालो."

"हे बघ, दादा," लक्ष्मीबाई म्हणाली, "हे बघून राहिला का? कसं दिसतंय हे?"

मामांनी तांब्या खाली ठेवला आणि तेही वाकून बघू लागले. ग्यानोबाच्या दोन्ही ओठांच्या मधोमध एक गोल कडं उमटलेलं होतं, तहसिलीच्या कागदावर शिक्का असावा तसं. कड्याच्या आतली कातडी फुगून तांबडी झाली होती, आणि खालच्या ओठाला एक चीर पडलेली होती.

"बाज्याचं हाय ते," ग्यानोबा म्हणाला.

"मला ठावं हाय बाज्याचं हाय. त्यांना ठावं हाय का? त्यांना गजकर्ण दिसंल. पाटलाची लेक गजकर्णाच्या घरी येती का?"

मामांनी तांब्या पुन्हा उचलून तोंडाला लावला. एरवी अखंड बोलणाऱ्या ग्यानोबाचं मात्र इकडे लक्षच नव्हतं. सिंधु हे नाव ऐकल्यापासून तो तिचाच विचार करत होता. कारण तिला त्याने पाहिलेलं होतं, आणि ते फक्त त्यालाच माहीत होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि कंधारला एक बँड होता. हुजुरांच्या सालगिरहला, म्हणजे निजामाच्या वाढदिवसाला, कंधारात नुसता ताशा बडवला जातो याची तहसीलदार साहेबांना फार लाज वाटे, म्हणून त्यांनी हैदराबादेहून पितळी वाद्यं आणवली, आणि त्यांच्याबरोबर पलटणीच्या बँडमधून पेन्शन घेतलेले एक उस्तादही आणवले. उस्तादांनी पोरं जमवली ती बाजारातून. ग्यानोबा त्या दिवशी बैलांच्या खुरांना पत्र्या मारून घ्यायला कंधारला आला होता, आणि बाजाराच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या मित्राशी निवांत गप्पा मारत होता. उस्ताद मधेच उभे होते. त्यांनी दोन्ही कानांवरचे हात काढले आणि म्हणाले, "इस छोकरे के सीने में हवा है. इसकू बाजा देव." असा ग्यानोबाला ट्रंपेट मिळाला.

सालगिरह वर्षातून एकदाच यायची, पण लग्नं मात्र माघापासून वैशाखापर्यंत थांबायची नाहीत. कंधारचा बँड नांदेड, हदगाव, लोहा असा बैलगाड्यांतून फिरायचा, आणि पुढे ट्रंपेट घेऊन ग्यानोबा असायचा. लोकांना वाटायचं, बाजा फुंकरीने वाजतो. तो ओठांनी वाजतो. तोंडाशी धरायची ती पितळी वाटी ओठांवर दाबून धरावी लागते, आणि वरात गल्लीत थांबून नाचायला लागली की ती कितीतरी वेळ काढता येत नाही. हंगामाच्या अखेरीला ग्यानोबाचे ओठ असे होत, की चहा पिणं म्हणजे शिक्षा, आणि हिरव्या मिरचीचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी. उस्ताद मात्र त्या कड्याला तमगा, म्हणजे पदक, म्हणत. त्यांच्या स्वतःच्या ओठावर असा जुना तमगा होता, आणि ते त्यावरून मधूनमधून बोट फिरवत.

याच हंगामात हदगावला तिच्या नात्यातल्या एका लग्नात ग्यानोबाने सिंधुला पाहिलं होतं आणि बायकांनी तिला मारलेली हाकही ऐकली होती. वरात दारात आली तेव्हा ती उंबऱ्याच्या आत, बायकांच्या पुढे उभी होती. ग्यानोबाने त्या क्षणी असा काही वरचा सूर लावला, की पुढचा घोडा दोन पावलं मागे सरला. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर सिंधु तिथेच होती, हलली नव्हती. हा सूर तिच्या काळजाला भिडला, अशी ग्यानोबाची तेव्हापासून खात्री होती. आणि आता तिच्याच घरातून विचारणा आली होती. म्हणजे पोरगी आपल्या सुरावर भाळली, यात त्याला काडीइतकी शंका उरली नाही. पण हे आईला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्यानोबा कंधारला उस्तादांकडे गेला.

"उस्ताद, हे कडं जल्दी जायाला काय करू?"

उस्तादांनी त्याच्या ओठाकडे कौतुकाने पाहिलं. "कायकू मिटाता? अच्छा खासा तमगा है." मग सुपारीचं कारण कळल्यावर ते गंभीर झाले. "तो फिर कुछ नको करो. बाजे कू हात नको लगाओ, मिरची नको खाओ, बातां नको करो. होटां पे साजूक घी लगाओ. आठ-दस दिन में चेहरा साफ."

"मग मी आजपासून घरीच बसतो."

"घर?" उस्ताद म्हणाले. "परसों का लगन कौन बजाता? वो बजा के बैठो. और नांदेड का भी है, वो भी बजा के बैठो."

ग्यानोबा घरी आला आणि त्याने यातला सोयीचा भाग तेवढा आईला सांगितला. लक्ष्मीबाईने मात्र अर्ध्यावर भरवसा ठेवला नाही. तिने ट्रंपेट उचलला, फडक्यात गुंडाळायचाही विचार केला नाही, आणि ज्वारीच्या कणगीत हात घालून तो पार आत, खोल पुरला. "सुपारी फुटेस्तोवर हे आपल्या घरात न्हाई असं समज," ती म्हणाली. परवाच्या लग्नात बँडने ट्रंपेटशिवाय वाजवलं. उस्तादांनी निरोप पाठवला, की नवरदेव घोड्यावर झोपून गेला, आणि याचं पाप तुझ्या होटां पे.

मग तुपाचा प्रयोग सुरू झाला. लक्ष्मीबाई सकाळी, दुपारी आणि आठवण येईल तेव्हा पोराच्या ओठांवर तूप थापायची. तूप साजूक होतं, घरच्या गाईचं होतं आणि भरपूर होतं. तेवढं तूप लावून ग्यानोबा दुपारी लिंबाखाली आडवा झाला. लिंबावरच्या मुंगळ्यांना घरच्या तुपाचा वास बरोबर कळला. ग्यानोबा ओरडत उठला तेव्हा वरच्या ओठाला एक मुंगळा लटकलेला होता, आणि कड्याच्या जोडीला आता एक गांधही आली होती.

सूज उतरायला तुरटी बरी, हे लक्ष्मीबाईला माहीत होतं. तिने तुरटीचा खडा पाण्यात बुडवून ओठांवर चांगला घासला, आतून आणि बाहेरून, आणि "बोलू नको, तोंड मिटून बस, मी मोट बघून येते" असं सांगून मळ्याकडे गेली. न बोलण्याची ताकीद द्यायची गरज नव्हती. तुरटीने ग्यानोबाचं तोंड असं आवळलं, की पिशवीची नाडी ओढावी तसे ओठ मधोमध गोळा झाले. तो काही बोलायला जाई तर तोंडातून फक्त शीळ बाहेर पडे.

नेमक्या अशा वेळी साखराबाई आत्या आली. आत्या म्हणजे ग्यानोबाच्या वडिलांची थोरली बहीण. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि भावाच्या घरावर आपलं लक्ष आहे हे दाखवायला ती मधूनमधून येत असे. तिच्या कनवटीला कायम दोन-चार बिब्बे असत. पायात काटा मोडला, पाठीत उसण भरली, म्हशीचा खूर दुखला, आत्याचं औषध एकच. आत्याने भाच्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अगं माय, हे कवापासून झालं? गजकर्ण हाय हे."

ग्यानोबाने जोरजोरात मान हलवली. "फ्यू," तो म्हणाला.

"बोलू नको. चिरंल आणखी. मुळासकट जातं का न्हाई बघ आता."

"फ्यू, फ्यू," ग्यानोबा म्हणाला आणि उठायला लागला. पण आत्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झुगारून देण्यासारखा नव्हता. त्यातून ग्यानोबा लहानपणापासून तिला भीत असे. तिने चुलीतला निखारा पुढे ओढला, दाभणाला बिब्बा टोचला, तो धगीवर धरला, आणि तेल सुटल्यावर फार मन लावून काम केलं. कडं गोल आणि ठसठशीत असल्यामुळे तिला सोपं गेलं. आखून दिलेल्या रेघेवरून गिरवावं तसं तिने ते पुरं गिरवलं आणि समाधानाने उठली.

लक्ष्मीबाई मळ्यातून आली तोवर बिब्बा उतून फोड आले होते. ओठ फुगून नाकाला टेकायला आले होते, आणि पोराचे डोळे वाहत होते.

"वन्सं, हे काय केलं?"

"गजकर्ण जाळलं."

"त्याला गजकर्ण न्हवतं."

"मग गोल कामून व्हतं?"

"बाज्याचं व्हतं ते."

"मग त्यानं सांगाचं न्हाई का? तोंड न्हवतं का त्याला?"

"तोंड व्हतं वो, पर तुरटी लावून ठेवली व्हती," असं म्हणून लक्ष्मीबाई खाली बसली.

बिब्बा उतल्यावर काय करायचं ते मात्र दोघींनाही सारखंच माहीत होतं, आणि त्यावर भांडण झालं नाही. तीळ आणि खोबरं दुधात वाटून त्याचा जाड लेप दोघींनी आळीपाळीने लावला. अमावस्या येईपर्यंत ग्यानोबा पांढरं तोंड घेऊन घरात बसून राहिला. भाताची पेज प्यायला आणि सिंधुचा विचार करत राहिला. बापूसाहेब आले, त्यांनी आपल्याला असं पाहिलं आणि गाडी वळवली, हे त्याला डोळे मिटले की दिसे. त्याला आता सुराचाही अभिमान वाटेनासा झाला होता. बाजा नसता तर कडं नसतं, आणि कडं नसतं तर हे काहीच झालं नसतं, असं तो भिंतीकडे पाहून मनाशी म्हणायचा.

आणि मग एका सकाळी लेप धुतला तर लेपाबरोबर ओठांवरचा पापुद्राही निघून आला. खाली नवी कातडी होती, गुलाबी आणि कोवळी. कडं गेलं, चीर गेली, गांध गेली. वरच्या बाजूला बिब्ब्याची काळी रेघ थोडी उरली होती, ती लक्ष्मीबाईने मिशीला काजळ लावून झाकून टाकली. ओठांना वारा लागला तरी झोंबत होतं, पण दिसायला ग्यानोबा असा दिसत होता, की खुद्द आत्याने त्याची दृष्ट काढली. "बिब्ब्याचा गुण," ती म्हणाली, आणि या वेळी लक्ष्मीबाईनेही मान डोलावली.

बापूसाहेब दुसऱ्याच दिवशी आले. देवणीची काळीपांढरी जोडी जुंपलेली त्यांची दमणी दारात थांबली तेव्हा गल्लीतली अर्धी माणसं ते बैल बघायलाच बाहेर आली. बापूसाहेब उंच, कमी बोलणारे. ते ओसरीवर घोंगडीवर बसले, बरोबरची चार माणसं बसली, समोर रामकिशनमामा बसले, आणि ग्यानोबाला मधे बसवलं. लक्ष्मीबाई आणि आत्या रिवाजाप्रमाणे आतल्या दाराच्या मागे उभ्या राहिल्या.

बापूसाहेबांनी ग्यानोबाकडे समोरून पाहिलं. मग जरा बाजूने पाहिलं. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली.

"जरा इकडं सरक, बाबा. उजेडात."

ग्यानोबा सरकला. त्याला मनातून बरं वाटलं. आता कितीही उजेड आला तरी भीती नव्हती.

"हे पोरगं बाजा वाजवतं म्हणं," बापूसाहेब मामांना म्हणाले.

मामा हसले. या प्रश्नाची त्यांनी रस्त्याने तयारी केली होती. "छे वो पाटील. कुठला बाजा? शेतकऱ्याचं लेकरू. मोट, नांगर, बैल. त्याच्या बाहेर त्याला कायबी ठावं न्हाई."

"तसला नाद न्हाई आमच्या घरात," दाराआडून लक्ष्मीबाईचा आवाज आला.

बापूसाहेबांनी बरोबरच्या माणसांकडे पाहिलं. "याला भाऊ किती?"

"एकलाच हाय."

"चुलत, मावस? याच वयाचं दुसरं पोरगं, घरात राहाणारं?"

"न्हाई न्हाई. वाटेकरी कोणीच न्हाई," मामा उत्साहाने म्हणाले.

"मग मी बघितला तो कुठं हाय?" बापूसाहेबांनी शांतपणे विचारलं.

मामांचं हसू चेहऱ्यावरच वाळून गेलं. ग्यानोबाला काही कळेना, आणि दाराआड कोणाची तरी बांगडी वाजली.

"हदगावच्या लग्नात मी याला बघितला," बापूसाहेब म्हणाले. "म्हंजे जो कोण व्हता त्याला. कंधारच्या बँडातला बाजावाला. लक्ष्मीबाईचं एकुलतं पोरगं हाय, असं मला लोकांनी सांगितलं. आता मी बैलाचा माणूस. माळेगावच्या जत्रेत मी एकडाव खोंड ठरवला आन् घरी आल्यावर बघतो तर दुसराच. जुळा व्हता. तवापासून कायबी ठरवलं की मी खूण धरून ठेवतो. त्या पोराच्या ओठावर गोल कडं व्हतं, चांगलं रुपयाएवढं. अन् ह्याचं तोंड तर तान्ह्या लेकराचं हाय."

"पाटील, तो मीच," ग्यानोबा म्हणाला.

"असं कोणीबी म्हणंल. तुझा मामा म्हणून राहिला की घरात बाजाच न्हाई."

आता लक्ष्मीबाईला दाराआड राहवेना. डोक्यावरचा पदर ओढत ती बाहेर आली. "पाटील, चुकलं आमचं. कडं व्हतं. बाजाबी व्हता. तुमी नाव ठेवसाल म्हणून कडं आमीच काढलं."

"काढलं? कसं काढलं?"

"बिब्ब्यानं," आत्या दाराआडून अभिमानाने म्हणाली.

हा शब्द ऐकला आणि बापूसाहेब उठून उभेच राहिले. "हे बघा," ते बरोबरच्या माणसांना म्हणाले, "बाजारात जनावराची खूण बदलायची असली की व्यापारी बिब्बाच लावतेत. लई बघितलंय मी हे. चला, गाडी जुंपा."

गडी बैलांकडे गेला. ग्यानोबा उठून उभा राहिला. पंधरवडाभर ज्याची भीती होती तेच झालं होतं, फक्त उलट्या वाटेने. सिंधु चालली होती, आणि कडं होतं म्हणून नाही, तर नव्हतं म्हणून.

"मामा, बाजा काढा," तो म्हणाला.

"लेकरा, तुझं तोंड," लक्ष्मीबाई म्हणाली.

"काढा मामा, जल्दी."

रामकिशनमामा आत धावले. कणगीत ते कमरेपर्यंत शिरले, आणि बाहेर आले ते डोक्यावर, कानांत, सदऱ्यात ज्वारी घेऊन. हातात ट्रंपेट होता. ग्यानोबाने तो धोतराला पुसला आणि दारातून बाहेर येऊन दमणीसमोर उभा राहिला. पितळी वाटी ओठांना लावली, तेव्हा निखाऱ्याला तोंड लावल्यासारखं त्याला झालं. त्याने डोळे मिटले, छाती भरली आणि फुंकलं.

काहीच वाजलं नाही. त्याने आणखी जोर लावला. ट्रंपेटच्या आत काहीतरी खरखरलं, अडलं, आणि मग एकदम मोकळं होऊन मूठभर ज्वारी बापूसाहेबांच्या फेट्यावर आणि छातीवर सडसडली. बैलांनी कान टवकारले. गल्लीत कोणीतरी हसलं. बापूसाहेबांनी मिशीतला एक दाणा काढून पाहिला आणि काही न बोलता खाली टाकला.

मग सूर लागला. हदगावच्या वरातीत वाजवलेली तीच चाल ग्यानोबाने धरली. ती चाल तशी सोपी होती, एरवी तो ती झोपेतही वाजवायचा. आज एकेक सूर ओठातून सोलून काढावा लागत होता. पहिलं कडवं गेलं, दुसऱ्यात तो दोनदा घसरला, आणि तो वरचा सूर, ज्याच्यावर त्याची सारी भिस्त होती, तो लावायला गेला तेव्हा कोंबडीचं पिल्लू चिरडावं तसा आवाज आला आणि बंद पडला. ग्यानोबाने ट्रंपेट खाली घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते निव्वळ ओठांच्या दुखण्याचं नव्हतं.

"पाटील, एरवी हा लई झ्याक वाजवतो," मामा म्हणाले.

"वाजवत असंल. मला त्यातलं कायबी कळत न्हाई," बापूसाहेब म्हणाले. "तोंड वर कर रे."

ग्यानोबाने तोंड वर केलं. त्या कोवळ्या गुलाबी कातडीवर पितळी वाटीचा ठसा उमटला होता. गोल, पुरा आणि पूर्वीपेक्षा दुप्पट लाल. बापूसाहेबांनी अंगठ्याने तो दाबला.

"दुखतं का?"

"लई."

"मग खरं हाय. लावलेलं असतं तर दुखलं नसतं." ते मागे वळले. "गाडी सोड रे. सुपारी आणा, बाई. हाच हाय तो."

लक्ष्मीबाईने पदर डोळ्यांना लावला, आणि आत्याने दाराआडून विचारलं, की आता या नव्या कड्याचं काय करायचं. 

लग्न वैशाखात झालं. नवरदेवाला वाजवता येईना म्हणून उस्तादांनी स्वतः ट्रंपेट हातात घेतला. त्यांच्या म्हाताऱ्या ओठांतून सूर मधूनमधून निसटत होते, पण ते मांडवापासून वेशीपर्यंत वाजवत आले, आणि ग्यानोबाला घोड्यावरून उतरून त्यांच्या हातातला बाजा घ्यावासा वाटत राहिला.

सिंधु घरात आली, रुळली. ग्यानोबा तिला रोज काही ना काही सांगायचा, आणि फिरून फिरून त्या वरच्या सुरावर यायचा. सुरुवातीला तिने ते ऐकून घेतलं. एकदा ती ज्वारी निवडत बसली होती आणि तो पुन्हा सुरू झाला.

"तू उंबऱ्यात उभी व्हती. मी वरचा सूर लावला. घोडा मागं सरला, पर तू हालली न्हाईस. तवाच मी वळखलं."

"काय वळखलं?"

"तुला माझा सूर आवडला."

सिंधुने सूप खाली ठेवलं. "कानावर हात ठेवून उभी व्हते मी. पदराच्या आत व्हते म्हणून तुमाला दिसले नसतील. हालणार कुठं? मागं बायका व्हत्या."

ग्यानोबा तिच्यासमोर येऊन बसला. "मग तुझ्या बापानं मला कसं धरलं?"

"मी आईला सांगितलं म्हणून." तिने सूप पुन्हा उचललं. "बँडवाल्यांच्या पंगतीत आमटी मीच वाढत व्हते. बाकीचे वरडून मागत व्हते, हसत व्हते, भांडत व्हते. तुमी मान खाली घालून बसले व्हते. आमटीचा एक भुरका मारला आन् डोळ्यांत पाणी आलं, पर तोंडातून सबुद न्हाई. मग नुसत्या दुधात भाकर कुस्करून खाल्ली, तीबी अर्धी. वाढू का म्हनलं तर हात जोडले. मला वाटलं, काय गरीब सोभावाचं माणूस हाय. थोडं खाणारं, न बोलणारं. आमच्या घरात बाबा सोडले तर समदे वरडून बोलतेत. मी आईला म्हनलं, द्यायचं तर असल्या घरी द्या."

 ग्यानोबा हसायला लागला, आणि हसता हसता उठून ही हकिगत आईला सांगायला गेला. तिथून मळ्यात जाऊन गड्यांना सांगितली, आणि संध्याकाळी जेवताना पाचव्या भाकरीला पुन्हा सिंधुलाच सांगितली, थोडी वाढवून.

पुढे काही वर्षांनी निजामाचं राज्य गेलं. सालगिरह गेली, तहसीलदार साहेब गेले, आणि कंधारचा बँड कोणी मोडायच्या आधीच मोडला. उस्ताद हैदराबादेला लेकाकडे गेले ते परत आले नाहीत. जाताना त्यांनी ट्रंपेट मागितला नाही आणि ग्यानोबानेही विषय काढला नाही. निरोप देताना मात्र दोघेही आपापल्या ओठांवरून बोट फिरवत उभे होते. लग्नांना वाजवणं थांबलं तसं ग्यानोबाच्या ओठावरचं कडं फिकट होत गेलं, आणि एका पावसाळ्यानंतर ते दिसेनासं झालं. ते गेल्याचं त्याला वाईट वाटलं, आणि तसं तो सगळ्यांना सांगायचाही.

ग्यानोबाचं बोलणं मात्र वयाबरोबर वाढत गेलं. कधीकधी तो पहाटे तोंड धुताना सुरू व्हायचा, तो दिवेलागणीपर्यंत थांबायचा नाही. असा दिवस आला की सिंधु दुपारी उठायची, खुंटीवरचा ट्रंपेट काढायची, पदराने लखलखीत पुसायची आणि त्याच्यापुढे ठेवायची.

"लई दिस झाले. वाजवा की जरा. तो वरचा सूर ऐकावा वाटतोय."

ग्यानोबा हरखून जायचा. सवय गेलेल्या ओठांवर ती पितळी वाटी दाबून तो गल्लीतली पोरं जमेपर्यंत आणि पांगेपर्यंत वाजवत बसायचा. मग पुढचे दोन दिवस तो ओसरीवर गप्प बसून असे, आमटीला हात लावत नसे, अर्धी भाकर दुधात कुस्करून खाई, आणि आणखी वाढू का असं विचारलं तर हात जोडी. सिंधु त्याच्यासमोर बसून त्याला वारा घालायची आणि कौतुकाने बघत राहायची. ते दोन दिवस घरात तोच माणूस असायचा, ज्याला तिने पसंत केलं होतं.